सारणमावशीचा गव्हाशी काडीमोड

पोकळ काही दिसलं की सारणमावशीचे हात शिवशिवायला लागतात. ढबू मिरची, टोमॅटो, कांदा, सफरचंद, भोपळा, जे पोखरता येईल ते पोखरायचं आणि आत काहीतरी चविष्ट कोंबायचं, हा बाईचा आयुष्यभराचा उद्योग. एकदा मी तिच्यासमोर बराच वेळ माझी अक्कल पाजळत बसलो होतो, तेव्हा तिने माझ्या टकलाकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी पटकन टोपी चढवली. तीच नजर थोड्या वेळापूर्वी मी एका तांबड्या भोपळ्यावर रोखलेली पाहिली होती, आणि त्या भोपळ्याचं पुढे काय झालं ते मला ठाऊक होतं. मीच खाल्ला होता.

तिला खरं नाव असणारच, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. कचेऱ्यांच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला घड्याळदुरुस्तीचं दुकान, मध्ये ही. बाहेरच्या खोलीत एकच लांब टेबल आणि दोन्हीकडे बाक. दाराजवळच्या बाकाचा एक पाय आखूड आहे; नवीन गिऱ्हाईक आलं की त्याला तिथे बसवायचं आणि तो डगमगला की बाकीच्यांनी गंभीर चेहऱ्याने जेवत राहायचं, ही आमची करमणूक. आत स्वयंपाकघर. दोहोंच्या मध्ये कमरेएवढं लाकडी फाटक, आणि त्या फाटकाच्या आत पाऊल टाकायची मुभा कुणालाच नाही. मावशीचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला तो कपाटाएवढा ओव्हन आणि ही जागा. बाई रडून मोकळी झाली आणि ओव्हन पेटवून कामाला लागली.

मला घरी जेवण मिळत नाही अशातला भाग नाही. आमची ही उत्तम स्वयंपाक करते. पण घरी नुसतं जेवण मिळतं. मावशीकडे जेवणाबरोबर बातम्या मिळतात, आणि त्याही गरम.

त्या काळी मावशीचं सारण म्हणजे शेजारच्या बेकरीतल्या शिळ्या पावाचं. पाव कुस्करायचा, लोण्यात खरपूस परतायचा, त्यात कांदा, अक्रोड, बेदाणे, हिरवा पाला, आणि कुठलं तरी आंबट फळ. बेकरीवाला दुपारी उरलेले पाव घेऊन यायचा आणि त्याच पावांनी भरलेले टोमॅटो खाऊन जायचा. जाताना म्हणायचा, "माझाच माल मला खायला घालते ही बाई, आणि वर मीच आभार मानायचे!"

आता घड्याळजी. फाटकाला लागून असलेली टेबलाची शेवटची जागा त्याची. सडपातळ, पन्नाशी उलटलेला, अविवाहित, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका काटकसरी की मीठ हवं असलं तरी मिठाकडे नुसता बघायचा. भिंग लावून लावून एका डोळ्याभोवती कायमचं वर्तुळ पडलेलं. मावशीच्या जेवणाला त्याने कधी चांगलं म्हटलं नाही. मात्र त्याची ताटली परत जायची तेव्हा धुवायची गरज आहे की नाही असा प्रश्न पडावा. आणि मी हेही पाहिलं होतं की भरल्या मिरच्यांतली सगळ्यात टपोरी मिरची नेहमी त्याच शेवटच्या जागेवर पोहोचते. मी याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. म्हणजे टेबलावरच्या मंडळींना सांगितलं, बेकरीवाल्याला सांगितलं, आणि घरी सांगितलं. पण त्यापलीकडे नाही.

तर हा घड्याळजी वाळत चालला. आधीच काटकुळा, त्यात गाल आत गेले. जेवला की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. दुकानाची फळी टाकून आतल्या आत आडवा पडायचा. शेवटी डॉक्टरकडे गेला. तपासण्या झाल्या, आणि एका दुपारी त्याने सगळं टेबल ऐकेल एवढ्या मोठ्याने वाक्य उच्चारलं.

"मावशी, उद्यापासून माझं ताट वाढू नका."

बाकावरचे सगळे चमचे थांबले.

"का? काय खुपलं?" मावशी फाटकातून.

"गहू बंद. जन्मभर. ग्लुटेन म्हणून काहीतरी असतं म्हणे गव्हात, ते मला चालत नाही. जवही नाही. रवा, मैदा, पाव, काही म्हणजे काहीच नाही. चिमूटभरसुद्धा नाही." एवढं बोलून त्याला धाप लागली. "ताईकडे जावं लागेल. ती म्हणते, दुकान बंद कर आणि ये."

ही ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दूरच्या गावी एकटी राहते. उभी हयात रेल्वेत तिकीट तपासण्यात गेलेली, त्यामुळे समोरचा माणूस फुकट्या आहे असं धरूनच ती बोलायला सुरुवात करते. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त तिचा आवाज ऐकला, कारण मावशीने हात पुसले, घड्याळजीच्या खिशातला फोन मागून घेतला आणि सरळ ताईला लावला.

"ताई, मी खानावळीतून बोलतेय."

"कुठली खानावळ?"

"तुमचा भाऊ जेवतो ती."

"आजारी पडला ती?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला महिनाभर द्या. गव्हाचा कण माझ्या स्वयंपाकात येणार नाही. ते सुधारले तर इथे राहतील."

"आणि नाही सुधारला तर?"

"तर तुम्ही न्या."

"मी येणारच आहे न्यायला. महिन्याने येते एवढंच," असं म्हणून पलीकडून फोन बंद. घड्याळजी या सगळ्या वेळात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला होता. जणू दुसऱ्याच कुणाच्या पोटाची चर्चा चालली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मावशीने गव्हाशी काडीमोड घेतला. दोन वेगवेगळे स्वयंपाक करायचे म्हणजे घोटाळा होणार, म्हणून सगळ्या टेबलालाच बिनगव्हाचं. जुन्या कढया बोहारणीला गेल्या. नवे ट्रे आले, नवे झारे आले, लाकडी पाटसुद्धा नवा. पावाचा डबा घासूनपुसून त्यात तांदूळ. आणि मग सुरू झाले प्रयोग. ते प्रयोग ज्यांच्यावर झाले त्यांपैकी मी एक जिवंत साक्षीदार.

पहिल्या दिवशी भात भरलेले टोमॅटो. भात आधीच पुरता शिजवलेला, त्यात टोमॅटोने आपलं पाणी सोडलं, आणि आतून जे बाहेर आलं ते लहान बाळाला भरवण्याजोगं होतं. आमच्यातला एक कारकून म्हणाला, "मावशी, दात घरी ठेवून आलो असतो तरी चाललं असतं." दुसऱ्या दिवशी मावशीने सूड उगवला. अख्खी ज्वारी न भिजवताच शिजवली. त्या जेवणात टेबलावर एवढा कडकडाट झाला की घड्याळजीने घाबरून स्वतःच्या दाढेला हात लावून पाहिला. मग राजगिरा. राजगिऱ्याने तर कहरच केला, ढबू मिरचीत जाऊन तो असा चिकट होऊन बसला की बेकरीवाला म्हणाला, "गळका नळ आहे माझ्याकडे. जरा द्या यातलं."

मावशी हसली नाही. ती रात्री ज्वारी भिजत घालायला लागली. तांदूळ, राळे, वरी, सगळं आधी कोरडंच भाजायचं, खमंग वास सुटेपर्यंत, आणि मग अर्धवट शिजवून थांबायचं. उरलेलं शिजणं भाजीच्या पोटात. कारण भाजी पाणी सोडतेच. पाव ते पाणी पिऊन फुगायचा, दाण्याला मात्र ते हिशेबाने द्यावं लागतं. टोमॅटो रसाळ, म्हणून त्यात कमी शिजलेला दाणा. भोपळा बेताचा, म्हणून त्यात थोडा जास्त शिजलेला. कांद्यात वरी, कारण वरी कांद्याचा गोडवा शोषते आणि स्वतःचं काही सांगत बसत नाही. राजगिऱ्याला तिने सारणातून हाकललं आणि लाह्या करून वरून भुरभुरायला ठेवलं. "काही माणसं आत नसलेलीच बरी, वरवर छान दिसतात," असं ती म्हणाली तेव्हा तिने माझ्याकडे का पाहिलं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि फळं! आंबट सफरचंदाच्या फोडी आणि भाजलेले अक्रोड राळ्यात. सुके जर्दाळू भातात, पण आधी लिंबाच्या रसात मुरवून. भाजलेल्या गाजरांबरोबर संत्र्याच्या सोललेल्या पाकळ्या आणि टपोरी, चावायला लुसलुशीत ज्वारी. कोबी पातळ चिरून लोण्यात परतलेला, त्यात नासपती आणि मिरपूड. बिटाचे तुकडे, वर डाळिंबाचे दाणे, खाली वरीचा मऊ थर. आमच्या टेबलावर हळूहळू शांतता पसरायला लागली. चांगलं जेवण असलं की माणसं वाद घालत नाहीत. माझं मात्र त्यात नुकसान झालं. बातम्या कमी झाल्या.

सगळे खुलले, एक सोडून. घड्याळजी.

पहिला आठवडा बरा गेला. मग पुन्हा पोट फुगायला लागलं. मधूनच एखादा दिवस चांगला जायचा, की लगेच पुढचे दोन वाईट. मावशीने मग त्याचे जास्तच लाड सुरू केले. गाजर-ज्वारी वगैरे किरकोळ गोष्टी आम्हाला, आणि त्याला रोज भरलेलं काहीतरी: एक दिवस छोटा भोपळा, एक दिवस सफरचंद. जितके लाड वाढले तितका तो पिवळा पडत गेला. तो तक्रार करायचा नाही. ताटली चाटूनपुसून द्यायचा आणि पोटावर हात ठेवून भिंतीला धरून धरून दुकानात जायचा.

मग मावशीचा संशय बेकरीवर गेला. बेकरीची आणि तिच्या स्वयंपाकघराची एकेक खिडकी समोरासमोर आहे, मध्ये हातभर बोळ. बेकरीवाला मैद्याची पोती झटकायचा की पांढरा ढग उठायचा. मावशी कंबर कसून बोळात उभी राहिली.

"तुमचा मैदा उडून माझ्या पातेल्यात येतो!"

"मैदा काय चिमणी आहे, पातेलं बघून उतरायला?" बेकरीवाला आतून.

"पोती पलीकडे झटका."

"पलीकडे रस्ता आहे. रस्त्यावरची माणसं भुतासारखी दिसतील! आणि इतकी वर्षं माझा पाव गोड लागला तो? आता एका माणसाचं पोट दुखलं तर माझा मैदा खुनी झाला?"

"झाला!"

तिने खिडकीला आतून ओली चादर लावली. बेकरीवाल्याने चिडून जेवायला येणं सोडलं. बिचारा स्वतःच्याच दुकानातला पाव चहात बुडवून खायचा, तोही आमच्या नजरेसमोर बसून, म्हणजे आम्हाला अपराधी वाटावं. चादर लावूनही घड्याळजी सुधारला नाही. महिना संपत आला.

आणि ताई आली.

हातात एक पेटी, काखोटीला छत्री, आणि दारातूनच सगळ्या टेबलावर अशी नजर फिरवली की मी नकळत खिसा चाचपला. तिकीट कुठे ठेवलं होतं ते आठवेना. भावाकडे पाहिलं, त्याच्या गालांकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटले.

"चल. सामान बांध. परतीची दोन तिकिटं काढलीयत मी. उद्या सकाळची."

"ताई, आधी जेवून घ्या," मावशी फाटकाशी आली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही.

"जेवते. पण आधी स्वयंपाक बघते."

 त्या फाटकाच्या आत आजवर कुणी गेलं नव्हतं. मावशीने एक क्षण ताईकडे पाहिलं, फाटक उघडलं, आणि स्वतःचं स्टूल तिच्यासमोर सरकवून स्वतः उभी राहिली. "बसा. सगळं बघा. डबे उघडा, झारे हुंगा. मी काही लपवलेलं नाही."

मी तेव्हा फाटकाला लागूनच होतो. कुणाला वाटेल मुद्दाम उभा होतो. मला मीठ हवं होतं.

ताईने खरंच डबे उघडले. तांदूळ, राळे, ज्वारी. नखाने दाणे उकरून पाहिले. नवे ट्रे उलटेसुलटे केले. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल व्हायला लागली. मावशी भोपळे भरत होती. छोटे छोटे भोपळे, माणशी एक, वरून टोपीसारखं झाकण कापलेलं. भाजलेले राळे, सफरचंद, अक्रोड, परतलेला कांदा. आत दाबून नाही, हलकेच भरायचं, दाण्याला फुगायला जागा ठेवून. मग झाकण.

झाकण बसवलं, आणि तिने ओट्याखालून एक डबा काढला. त्यातून पिठाचा भिजवलेला गोळा घेतला, चिमटीने तोडून तळहातांत वळून त्याची लांब दोरी केली, आणि झाकणाच्या फटीवर गोल फिरवून दाबून टाकली. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. हात इतक्या सहज चालले होते की तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ती ताईला सांगत होती की जर्दाळू आधी मुरवला नाही तर आतून कोरडा राहतो.

ताईचं मात्र लक्ष होतं. मी तिचा चेहरा पाहिला. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. दुसऱ्या भोपळ्याभोवती दोरी फिरली. तिसऱ्या. ताई गप्प. भोपळे ओव्हनमध्ये गेले आणि ओव्हनचं दार लागलं, तरी ताई गप्प. तिची नजर एकदा बाहेर भावाकडे गेली आणि एकदा तिच्या स्वतःच्या पेटीकडे. मला तेव्हा त्या दोरीचं काही कळलं नव्हतं. ही बाई एवढी गप्प का झाली, एवढंच कळत नव्हतं.

भोपळे बाहेर आले. मावशीने भाजून कडक झालेली ती कडी टकटक करून फोडली, तुकडे केरात टाकले, फडक्याने भोपळा पुसला, आणि झाकण उचललं. काय वास सुटला म्हणून सांगू! ती ताटली घेऊन ती स्वतः बाहेर आली आणि घड्याळजीच्या समोर ठेवली. त्याने चमचा उचलला.

"थांब," ताई म्हणाली. "खाऊ नकोस."

सगळे वळले.

"मावशी, ते कडेला काय लावलंत तुम्ही?"

"कुठे? ती कणीक होय? ती काही खायची नसते ताई, ती नुसती झाकण बसायला..."

आणि बाई मध्येच थांबली.

पुष्कळ माणसांची चूक उघडी पडताना मी पाहिली आहे. ती आधी रागावतात. मावशी रागावली नाही. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, बोटांना अजून पीठ होतं. तिच्या आईने तिला लहानपणी तसंच शिकवलं होतं, वर्षानुवर्षं ती तसंच करत आली होती. कणीक तिच्या लेखी अन्न नव्हतीच. पुडा बांधायला सुतळी असते तशी ती कणीक. सोडायची आणि टाकायची. गव्हाचा डबा स्वयंपाकातून हद्दपार केला तेव्हा सुतळीला कोण हद्दपार करतं? आणि रोज त्या कडीचा ओलसर कण झाकणावरून घरंगळून सारणात पडत होता, वाफेने त्यात मुरत होता. सुरुवातीला गाजराच्या दिवशी घड्याळजी बरा, भोपळ्याच्या दिवशी आडवा. लाडाने खाऊ घातलेला प्रत्येक भोपळा.

ती बाकावर टेकली. नेमका तोच आखूड पायाचा बाक निघाला, पण कुणी हसलं नाही.

"घेऊन जा त्यांना," ती ताईला म्हणाली. "मी त्या बेकरीवाल्याला नाही नाही ते बोलले. खिडकीला चादरी लावल्या. आणि माझ्याच हातांनी रोज... मला दिसलंच नाही हो. उद्या आणखी काहीतरी दिसणार नाही. तुम्ही घेऊन जा."

 ताईला हवं ते मिळालं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"मला कुणी विचारणार आहे का?"

हा आवाज कुणाचा ते कळायला आम्हाला वेळ लागला. घड्याळजी उभा होता. चमचा अजून हातात.

"ताई, तुझ्याकडे मी बरा होईन. मला माहीत आहे. आता कारण कळलंय, तर इथेही होईन. पण तुझ्याकडे मला भूक लागणार नाही." तो थांबला, मग स्वतःच्याच धिटाईने कानापर्यंत लाल झाला. "इथे मला सकाळी दुकान उघडल्यापासून भूक लागते."

आता यावर मावशीने काय करावं? तिने पदर तोंडाला लावला आणि फाटकाच्या आत पळाली. आणि ताई? ताईने पेटी उघडून तिकिटं हातात घेतली.

"तुझं तिकीट काढलंय मी," ती म्हणाली.

"परत कर."

"परत केलेल्या तिकिटाचे पैसे कापून घेतात," ती म्हणाली, पण बसली. बसली ती तिथेच, त्याच्या शेजारी.

घड्याळजी मात्र बसला नाही. तो फाटक ढकलून सरळ आत गेला. आम्ही सगळे माना उंच करून बघायला लागलो. मी तर आता मिठाचं निमित्तही सोडून दिलं होतं. त्याने ताजा भोपळा घेतला, सुरी घेतली, आणि खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. मावशी डोळे पुसत म्हणाली, "काय करताय?"  झाकण सरळ आडवं न कापता त्याने सुरी तिरपी धरली, आत उतरती, आणि एका ठिकाणी छोटी खाच ठेवली. झाकण उचललं, आतली कड किंचित तासली, पुन्हा बसवलं. घट्ट. उचलून हलवून दाखवलं; पडलं नाही. खाचेत खाच बसली होती. फट कुठे, ते शोधावं लागलं असतं.

"याला कणीक नको," तो म्हणाला.

एका भोपळ्याला त्याने एवढा वेळ लावला की कारकुनांची जेवणाची सुट्टी संपली. ताई बाहेरून ओरडली, "अरे, भोपळा आहे तो! शंभर वर्षं चालायला हवाय का?"

त्या दिवशी आम्ही सगळे कणकेवाले भोपळे खाऊन परत गेलो, आणि घड्याळजीने गाजर आणि संत्री खाल्ली. संध्याकाळी मावशी स्वतःच्या हाताने भरलेली ताटली घेऊन बेकरीवाल्याकडे गेली. तिने काय माफी मागितली ते मला ऐकू आलं नाही; मी फार लांब उभा होतो, दुर्दैवाने. पण बेकरीवाल्याचं मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकलं: "छान आहे. पाव असता तर आणखी छान झालं असतं." आणि कणकेचा डबा तिने त्याच्याच दुकानात सोडून दिला.

ताई दुसऱ्या दिवशी गेली नाही. आठवडाभर राहिली, रोज फाटकाच्या आत बसली, आणि मावशीच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली. मीठ जास्त, अक्रोड कमी, फडकं बदला, हा चमचा कशात बुडवला होता? मावशीही मागे हटली नाही. आम्हाला वाटायचं दोघी आता एकमेकींच्या झिंज्या धरतील, आणि तेवढ्यात आतून दोघींचं हसणं यायचं. घड्याळजीचं पोट खाली बसलं. गालांवर रंग आला.

ती निघाली त्या दिवशी मी तिला विचारलं. मला राहवत नाही, हा माझा स्वभाव. म्हटलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असता, तर भाऊ तुमच्याबरोबर आला असता."

"आला असता," ती म्हणाली. छत्री काखेत नीट केली. "भोपळे बाहेर येईपर्यंत मी तोच विचार करत होते. घर फार मोठं वाटतं मला हल्ली." मग माझ्याकडे तिकीट मागावं तसं पाहिलं. "पण त्याने चमचा उचलला ना! लहानपणी असाच उचलायचा, डोळे मिटून. त्याला असं खाताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग कसलं गप्प बसणार?" आणि पायरी उतरता उतरता: "दर महिन्याला येणार आहे मी तपासायला. सांगून नाही येणार."

आता लोक मला विचारतात, त्या दोघांचं पुढे काय? लग्नबिग्न? मी घड्याळजीला थेट विचारून पाहिलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखादा बिघडलेला काटा आहे, आणि पुन्हा कामाला लागला. मावशीला विचारायची हिंमत मी केली नाही. तिच्या हातात सुरी असते. मी एवढंच सांगू शकतो की जेवणाच्या वेळेच्या खूप आधी तो दुकानाची फळी टाकतो आणि फाटकातून आत जातो. आणि मग बाहेर आम्ही ताटकळत बसतो, कारण आत भांडण चालू असतं.

"अहो, पुरे आता! बसलं की झाकण!"

"नाही बसलं. इथे केसाएवढी फट आहे."

"केसाएवढ्या फटीतून काय वाफ पळून जाणार आहे?"

"पळते."

"बाहेर माणसं उपाशी मरतायत!"

"मरू द्या थोडा वेळ."

कुणी नवा माणूस चमचा आपटून ओरडायला लागला, तर आम्ही जुने सगळे त्याला डोळ्यांनी दटावतो. काय घाई आहे? कचेरी काही पळून जात नाही. ऐकू दे की.